अजमतभाईंच्या दोन गाठी

टॅग म्हणजे काय, हे मला दरवर्षी कुणा ना कुणा नव्या शिक्षकाला सांगावं लागतं. बी.एड. करून येतात, शिकलेले असतात, पण ‘टॅग आणा’ म्हटलं की खिशातून मोबाईल काढतात. मग मी ड्रॉवर उघडते आणि त्यांच्यापुढे टाकते. हा टॅग. वीतभर लांबीचा पांढरा सुती दोर, दोन्ही टोकांना पत्र्याची बारीक टोपी. कागदांना पंच मारायचा, भोकांतून टोप्या ओवायच्या, पुठ्ठ्याच्या वर काढून गाठ मारायची. झाली फाईल. आमच्या ऑफिसात उठता-बसता हाच शब्द. टॅग लावून द्या, टॅग ढिला झालाय, टॅग संपले, मागवा.

मी तीर्थपुरीच्या एका शाळेत क्लार्क आहे. शाळेचं नाव सांगत नाही, सांगून तिचं काही भलं व्हायचं नाही. आमच्याकडे टॅग म्हटलं की अजमतभाई. नेमणूक शिपायाची, घंटा, पाणी, कुलपं ही कामं. पण फाईल बांधायचं काम त्यांनी आपणहून अंगावर घेतलं होतं आणि दुसऱ्या कुणी बांधलेली फाईल ते गुपचूप सोडून पुन्हा बांधायचे. उंच, किडकिडीत माणूस, मेंदीची दाढी, आणि शर्टाच्या खिशात पेनाऐवजी टॅगांची जुडी. तेही नवे नव्हेत. रद्दीत जाणाऱ्या फायलींचे टॅग काढून ते घरी न्यायचे, बायको धुऊन वाळवून द्यायची, आणि त्यातले धड असतील ते पुन्हा ऑफिसात यायचे. मी एकदा म्हटलं, “अजमतभाई, स्टेशनरीला पैसे मिळतात हो आपल्याला.” तर म्हणाले, “मिळतेत ना. पण दोर चांगला हाये तर टाकायचा कामून?” अशा माणसाशी वाद घालण्यात अर्थ नसतो. मी आयुष्यात पुष्कळांशी वाद घातले आहेत, त्यावरून सांगते.

त्यांना गाठी दोनच येत होत्या. एक फाईलची. ती सुरगाठ. “फाईल पुढच्या माणसाला उघडायची असती,” ते म्हणायचे, “एका ओढीत सुटली पायजे.” दुसरी पुरवणीची. आमच्या शाळेत दहावीचं केंद्र असतं. पेपरात जादा पुरवणी घेतली की ती मूळ उत्तरपत्रिकेला दोऱ्यानं बांधावी लागते, आणि आजकालच्या पोरांना साधी गाठ मारता येत नाही. गणिताची अवघड प्रमेयं लिहितील, पण दोरा हातात घेऊन रडवेली होतील. मग अजमतभाई बाकांमधून फिरायचे आणि एकेकाची पुरवणी बांधून द्यायचे. ही निरगाठ. एकीवर एक अशी मारून ती इतकी ओढायचे की दोरा दोऱ्यात बुडून जायचा. “ही कुणीच सोडायची न्हाई. ही सुटली तं पोराचं वर्ष गेलं.” आणि दोन्ही गाठींना एकच नियम: दात लावायचा नाही. कुठली गाठ अडली तर टाचणीनं उकला, नखानं उकला, बसून ऱ्हावा. दातानं गाठ सोडणाऱ्याला ते माणसातच धरत नसत. त्यांचा मुलगा फहीम आमच्याच शाळेत शिकला. सहावीत असताना बुटाची नाडी दातानं सोडताना सापडला, तेव्हा अजमतभाईंनी त्याला मैदानात सगळ्यांसमोर चापट मारली होती. नाडीसाठी! मी त्या दिवशी त्यांच्याशी बोलले नाही.

घरी अजीजुन्निसाभाभी. बुटकी, गोल, बोलकी बाई. ईदला शीरखुर्म्याचा डबा ऑफिसात यायचाच, पण मला घरी जाऊन खायला आवडायचा, कारण ते घर बघण्यासारखं होतं. टॅगांवर चालणारं घर. मच्छरदाणी टॅगांनी बांधलेली, पडदा टॅगानं मागे ओढलेला, कोथिंबिरीची जुडी टॅगात, चष्म्याची तुटलेली काडी टॅगात, भाभींच्या किल्ल्या टॅगात, कुराणाच्या हिरव्या वेष्टनाची नाडीसुद्धा टॅगच. भाभी मला म्हणायच्या, “म्याडम, तुमच्या ऑफिसाचे सगळे ट्याग आमच्या घरात, अन् आमच्या घरचा माणूस सगळा तुमच्या ऑफिसात. हिसाब बराबर.” आणि स्वतःच हसायच्या. अजमतभाई खाली बघत शेवया खायचे.

गेल्या वर्षी दहावीचे पेपर आणि रमजान एकत्र आले. अजमतभाई रोजे धरून दिवसभर बाकांमधून पुरवण्या बांधत होते. मी म्हटलं, दुसऱ्याला लावते या कामाला. ऐकतील तर शपथ.

गणिताच्या दुसऱ्या पेपरला त्यांची शेजारीण साळूबाई गेटवर आली. आत सोडत नाहीत म्हणून तिनं गेटवरच्या हवालदाराला सांगितलं, हवालदारानं मला. भाभी सकाळी कपडे वाळत घालताना बसल्या त्या बसल्याच. डॉक्टर येऊन गेले होते. संपलं होतं.

मी वर्गात गेले. अजमतभाई एका मुलीच्या बाकाशी वाकून गाठ मारत होते. मी त्यांना दाराशी बोलावलं आणि सांगितलं. कसं सांगितलं ते आता आठवत नाही, वाईटच सांगितलं असणार, मला ही कामं जमत नाहीत. त्यांनी ऐकलं. मान हलवली. मग परत आत गेले, त्या मुलीची अर्धी राहिलेली गाठ पुरी केली, ओढून बघितली, आणि बाहेर येऊन मला विचारलं, “जाऊ का म्याडम?”

मी त्यांना घरी घेऊन गेले. भाभींना ओसरीतच निजवलं होतं. पायाचे अंगठे एकमेकांना बांधलेले होते, तसं बांधतात, आणि बांधले होते टॅगानं. साळूबाई माझ्या कानात म्हणाली, “हाताशी तेच हुतं बाई. मच्छरदानीचा सोडला अन् बांधला.” तिला वाटलं मी रागावेन. मला काहीच वाटलं नाही. अजमतभाईंनी तो टॅग बघितला आणि ते बाहेर जाऊन पुरुषांमध्ये बसले. लोक म्हणत होते, रोज्यात गेली, नशीबवान. ते प्रत्येकाला मान डोलवत होते.

दफन त्याच दिवशी झालं. कब्रस्तानात आम्ही बायका जात नाही, त्यामुळे पुढचं मला ऐकूनच माहीत. बाईमाणसाला कबरीत घरचेच लोक उतरवतात. भाभींचे भाऊ अबुबकर वाटूरहून आले होते, ते उतरले; जालन्याहून आलेला फहीम उतरला; आणि अजमतभाई उतरले. वर चौघांनी चादर धरली, कुणाची नजर पडू नये म्हणून. तरी चादर धरणाऱ्यांपैकी एकाची पडलीच. तो गावभर सांगत सुटला की अबुबकर आणि अजमतभाईंना वर ओढून घेतलं, फहीम एकटा खाली राहिला, आणि त्या पोरानं वाकून आईच्या पायांचा मुका घेतला. चांगला वेळ पायांवर तोंड ठेवून होता. वरून लोक हाका मारत होते, तरी उठेना.

अर्ध्या गावाला ही गोष्ट फार आवडली. उरलेल्या अर्ध्याला पटली नाही, कबरीत असलं करत नाहीत म्हणे. अजमतभाई या दुसऱ्या अर्ध्यात निघाले. तिसऱ्या दिवशी जियारतीला, कबरीवर दुआ मागायला, माणसं जमलेली असताना त्यांनी फहीमला म्हटलं, “माँ के कब्र में तमाशा किया तू.” सगळ्यांसमोर. फहीमनं आपली पिशवी उचलली. दुपारच्या गाडीनं जालन्याला निघून गेला. तिथं तो सळईच्या कारखान्यात आहे. त्यानंतर बाप-लेकाचं बोलणं बंद.

चौथ्या दिवशी अजमतभाई कामावर आले. मी म्हटलं, रजा टाका. म्हणाले, “घरी काय करू?” मी त्यांना पुरवणीच्या दोऱ्याचं रीळ दिलं. पेपर संपेपर्यंत ते बाकांमधून फिरले. पोरांना पाणी दिलं, घंटा दिल्या, एक मिनिट मागे-पुढे नाही. कुणी सांत्वनाला आलं की चहा मागवायचे. मी त्यांच्याकडे बघायची आणि मला वाटायचं, या माणसाच्या आत कुणी आहे की नाही?

एकदा लोखंडी कपाटाचं दार लावताना त्यांचं बोट सापडलं. आवाज मला माझ्या खुर्चीवर ऐकू आला. नख काळंनिळं झालं. मी ओरडले, “अहो, लागलं ना!” त्यांनी बोट उजेडाकडे धरून बघितलं. “न्हाई लागलं,” म्हणाले. “आजकाल काईच लागत न्हाई म्याडम.” आणि त्याच बोटानं कुलूप लावलं.

ईद आली, गेली. डबा आला नाही. मी विचारलं नाही. नवे कपडे न घालता ते नमाज पढून आले आणि सुट्टीच्या दिवशी ऑफिस उघडून बसले, हे मला नंतर कळलं.

फाईलचा प्रकार त्यानंतरचा. मला एका सरांच्या पेन्शनचं प्रकरण जिल्ह्याला पाठवायचं होतं आणि एक कागद मागे-पुढे झाला होता. फाईल घेतली, टॅगाचं टोक ओढलं, तर सुटेना. पुन्हा ओढलं. नख लावलं, नख तुटलं. बघते तर निरगाठ. एकीवर एक, दोरा दोऱ्यात बुडालेला. फाईलला पुरवणीची गाठ! आणि वरच्या गठ्ठ्यातली दुसरी फाईल बघितली, तीही तशीच. तिसरीही.

माझा आवाज चढायला वेळ लागत नाही. “अजमतभाई! ही काय गाठ मारलीय? कात्री लावू का आता सरकारी फाईलला?”

ते आले. गाठ बघितली. हातात घेऊन दोन्ही अंगांनी बघितली, आणि माझ्या टेबलाजवळ फरशीवरच बसले. मी त्यांना कधी फरशीवर बसलेलं पाहिलं नव्हतं.

“ही मी बांधली?” त्यांनी विचारलं.

“मग कोणी? मी?”

“मला याद न्हाई म्याडम.” मग गाठीवर अंगठा फिरवत, “तसंच झालं असंल मंग.”

“काय झालं असेल?”

त्यांनी सांगितलं. सांगताना आवाज असा होता की जणू रजेचा अर्ज वाचून दाखवतायत. कफनाला बंद असतात, डोक्याच्या वर, कमरेला आणि पायांच्या खाली. कबरीत ठेवलं की ते सोडायचे असतात. डोक्याकडे फहीम होता, मध्ये अबुबकर, पायाकडे ते.

“मी बंद सोडला. येवढं पक्कं याद हाये, गाठ ढिली झाली होती हाताला. मंग दोन टोकं हातात होती माझ्या. सुटी टोकं.” त्यांनी दोन्ही हात पुढे धरले, त्यात काहीच नव्हतं. “अन् मला असं वाटून राह्यलं की मी ती पुन्हा बांधली. मी न्हाई, हातानं. सुटं टोक दिसलं की हात बांधतेत माझे. वर्षानुवर्षं तेच तं केलं. अन् त्या दिवसांत तं रोज पुरवण्या.”

“वाटतंय, की खरंच?”

“तेच कळंना. झोपलो तरी हात हालतेत.”

मी विचारलं, इमामसाहेबांशी बोललात का. बोलले होते. ते म्हणाले होते की बंद राहून गेला तरी हरकत नाही, चुकून झालं त्याचा गुन्हा नाही.

“मग झालं तर,” मी म्हटलं.

“त्यांचं झालं,” अजमतभाई म्हणाले. “तिचे पाय मोकळे हायेत का बांधलेले, मला तेवढं पायजे. फाईलची गाठ असंल तं मी म्हणीन, चला, ढिली पडंल कधी तरी. पुरवणीची असंल तं ती सुटत न्हाई म्याडम. मी बांधलेली आजवर सुटली न्हाई.”

मला वाटलं होतं या माणसाला काही होत नाही. होत होतं. फक्त ते त्याच्यापर्यंत पोचत नव्हतं. मला फार वाईट वाटलं, आणि मला वाईट वाटलं की मी चिडते.

“फहीमला विचारा ना! तो होता तिथं शेवटपर्यंत.”

“कोन्या तोंडानं विचारू? त्याला चार लोकांत तमाशा म्हणलो मी. अन् त्यानं तं पायाला तोंड लावलं. गाठ त्याच्या नजरेसमोर होती. बांधलेली दिसली असती तं सोडली असती त्यानं. न्हाईतर...” पुढचं मला कळलं. नाहीतर पोरानं बघितली, आणि मुका घेऊन तशीच ठेवून वर आला. हेही त्यांच्या मनात येऊन गेलं होतं. मग ते उठले, टाचणी घेतली आणि माझ्यासमोर बसून तिन्ही फायलींच्या गाठी उकलल्या. दिवस गेला त्यात.

पुढे चाळिसाव्याचं जेवण होतं, मला बोलावणं होतं. बाप-लेक बोलत नसले तरी आईच्या चाळिसाव्याला पोरगा येणारच. मी साडी नेसताना मनाशी ठरवूनच निघाले. दुसऱ्याच्या घरात लुडबुड करू नये, असं माझ्या नवऱ्याचं मत आहे. त्याची बरीच मतं आहेत.

दुपारी माणसं जेवून उठली होती. फहीम मागच्या अंगणात पातेली घासत होता. मोठा झालाय आता, बापासारखाच उंच, हातांवर कारखान्यातल्या भाजल्याचे डाग. मला बघून उठला, “मॅडम, बसा ना,” म्हणून खुर्ची शोधू लागला.

“बसायला नाही आले,” मी म्हटलं. “तू कबरीत काय केलंस ते मला सांग. गावाचं मला माहीत आहे. तुझं सांग.”

तो माझ्याकडे बघतच राहिला. मग पुन्हा खाली बसला, राखेचा हात पातेल्यावर फिरवत राहिला. मी हटणार नाही हे त्यानं शाळेत असल्यापासून पाहिलेलं आहे.

“कुनाला सांगू नका मॅडम,” तो म्हणाला. “मामू वर गेल्ते. अब्बाला बी वर घेतलं. मी अम्मीचं तोंड किबल्याकडं, मक्केकडं केलं, अन् पायाकडं बघितलं तं बंद बांधलेला. एकदम बराबर बांधलेला, दोन्ही टोकं सारखी. मला लगेच कळलं कुनाची गाठ हाये. दहावीला माझी पुरवनी अब्बांनीच बांधली होती.”

“मग?”

“मंग नखानं बघितलं. न्हाई झालं. बोटं मातीनं भरल्ती, घसरत होती. वरून लोक जल्दी जल्दी करून राह्यले होते. चाकू माग्तला असता तं सगळ्यांना कळलं असतं की अब्बांनी काय केलं. म्हनून वाकलो अन् दातानं सोडली. टाइम लागला. वरच्याला वाटलं, मी मुका घिऊन राह्यलो.”

मी तिथल्या पायरीवर बसले.

“आणि बापानं तमाशा म्हटलं तेव्हा तोंडाला काय झालं होतं तुझ्या? सांगायचं नाही?”

“काय सांगू?” पहिल्यांदा त्याचा आवाज चढला. “तुमच्या हातानं अम्मीचे पाय बांधले, हे सांगू? लोकांत? त्यांना म्हाईत पन न्हाई. म्हाईत झालं तं मरतेत ते. तमाशा म्हणले तं म्हणू द्या. मला चालतंय.”

“त्याला माहीत आहे,” मी म्हटलं. “गाठ बांधली ते माहीत आहे. सुटली ते माहीत नाही. एवढे दिवस तो माणूस तिचे पाय बांधलेले घेऊन फिरतोय, आणि तू जालन्यात बसून त्याला सांभाळतोयस. तुमच्या घरात बोलायला पैसे पडतात का रे?”

फहीमच्या हातातलं पातेलं खाली राहिलं. मी त्याला मनगटाला धरून उठवलं. राख माझ्या चांगल्या साडीला लागली.

अजमतभाई आत पलंगाच्या कडेला बसले होते, हात मांड्यांवर. घर जसंच्या तसं होतं. पडद्याला टॅग, कुराणाला टॅग. मच्छरदाणीचा एक कोपरा मात्र खाली लोंबत होता, जिथला टॅग साळूबाईनं सोडला होता तिथं दुसरा कुणी लावला नव्हता. फहीमला बघून ते सरकून बसले, पाव्हण्याला जागा करावी तसे.

फहीम उभाच राहिला. उर्दूतच बोलले ते आपसात, मी मला समजलं तसं सांगते. फहीम म्हणाला, “अब्बा, अम्मीचा पायाकडचा बंद तुम्ही पुन्हा बांधला होता. मी सोडला.”

अजमतभाईंनी मान वर केली.

“पुरा सुटला?”

“पुरा. कपडा ढिला करून, पाय मोकळे करूनच वर आलो.”

“कुठली होती? फाईलची?”

“न्हाई. पुरवनीची.”

“मंग ती सुटती कशी?” हे त्यांनी संशयानं विचारलं. पोरगा आपल्याला बरं वाटावं म्हणून खोटं बोलतोय, असं त्यांना वाटलं असावं. आपल्या गाठीवर त्यांचा तेवढा भरवसा होता.

फहीमनं माझ्याकडे बघितलं, मग जमिनीकडे. सहावीतलं पोरगं बुटाची नाडी धरून उभं असतं, तसा उभा होता.

“दातां से, अब्बा,” तो म्हणाला.

बाहेर साळूबाई भांडी आत-बाहेर करत होती, त्याचा आवाज येत होता. अजमतभाई फहीमच्या तोंडाकडे बघत होते. मग उठले, त्याच्यासमोर जाऊन उभे राहिले, एका हातानं त्याची हनुवटी धरली आणि दुसऱ्या हाताच्या अंगठ्यानं त्याचा वरचा ओठ उचलला. ते काळं पडलेलं नख अजून तसंच होतं. पोराचा दुधाचा दात हलतोय का बघावं, तसे ते त्या दाढी-मिशीच्या पोराचे पुढचे दात उजेडाला बघत राहिले.

“लागलं न्हाई ना रे?” त्यांनी विचारलं.

फहीमनं ओठ धरलेल्या स्थितीतच मान हलवली. आणि अजमतभाईंचं तोंड वाकडं झालं. आधी आवाज आला नाही. मग आला, मोठ्यानं, लहान मूल पडल्यावर जरा थांबून भोकाड पसरतं तसा, आणि ते पोराच्या छातीवर डोकं घासत रडायला लागले.

मी बाहेर आले आणि चपला शोधू लागले. साळूबाई धावत आली. “काय झालं वं बाई? कोन रडून राह्यलं?”

“अजमतभाई रडतायत,” मी म्हटलं. “रडू द्या.”